दिवाळं निघालं ते तुकोबांचं

आपल्या कवठे महांकाळला दुष्काळ नवा नाही. बाग वाळते, हप्ता थकतो आणि कट्ट्यावर तो माणूस लगेच उधळ्या ठरतो. अशा वेळी देहूचे तुकोबा आठवा. घरची महाजनकी, दुकान, सावकारी. १६३०च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. धंदा बुडाला, दिवाळं निघालं, लोकांतला मान गेला. थोरली बायको रखुमाबाई अन्नावाचून गेली. तुकोबांनी काय उधळलं होतं? पाऊसच झाला नव्हता! पुढे भावाशी वाटणी करून त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. ज्यांच्याकडून येणं होतं, तीही दुष्काळात होरपळलेलीच माणसं. तुम्ही कुणाचं कर्ज माफ करू शकणार नाही. पण कुणाला थकबाकीदार म्हणून हसण्याआधी, त्या वर्षी पाऊस किती झाला ते तरी विचारा.