गोड वाईन गोड का लागते? उत्तर आहे लुई पाश्चर यांच्या शोधात

महागाव : मोहफुलं आंबवली की त्यांचा गोडवा कुठे जातो? गोड वाईन निवडतानाही हाच प्रश्न कामाचा ठरतो. त्याचा उलगडा फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी केला.

कोण होते पाश्चर?
जन्म २७ डिसेंबर १८२२. वडील चामडं कमावायचे. बालपण द्राक्षमळ्यांच्या आर्ब्वा गावात गेलं. १८५६ मध्ये लील शहरातल्या एका कारखानदाराची बीटपासून केलेली दारू बिघडू लागली. पाश्चर यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पुढे त्यांनी दाखवून दिलं, की यीस्ट सजीव असतं आणि तेच साखरेचं अल्कोहोल करतं. दुसरे जंतू शिरले की बिघाड होतो.

दुधाआधी वाईन
१८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने वाईन का नासते, हे शोधायला सांगितलं. ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून जंतू मारण्याचा उपाय पाश्चर यांनी काढला. तेच पाश्चरायझेशन. याच काळात, १८६५ आणि १८६६ मध्ये, त्यांच्या दोन मुली दगावल्या. १८६८ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. तरी काम थांबलं नाही. १८८५ मध्ये रेबीजची लस दिली. १८९५ मध्ये निधन झालं.

बाटली घेताना काय पाहाल?
यीस्टने जवळपास सगळी साखर संपवली तर वाईन ‘ड्राय’, बरीच उरली तर गोड. ‘फ्रूटी’ म्हणजे फळांचा गंध आणि स्वाद. ती गोड असेलच असं नाही. गोडच हवी तर लेबलवर ‘लेट हार्वेस्ट’ किंवा ‘डेझर्ट वाईन’ शोधा. लेट हार्वेस्टसाठी द्राक्षं उशिरा तोडतात, त्यामुळे त्यांत साखर जास्त असते. नाशिकच्या शेनिन ब्लाँ द्राक्षांपासूनही अशी वाईन बनते.