बाराक्षारांचे जनक : डॉ. शुस्लर

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने श्रावकाचे भूषण मानली गेली आहेत. औषधदानाची ही परंपरा धर्मादाय दवाखान्यांच्या रूपाने समाजात अनेक ठिकाणी जोपासली गेली. अशा दवाखान्यांत आणि कित्येक घरांतही बाराक्षारांच्या पांढऱ्या गोड गोळ्यांना मानाचे स्थान लाभले. या चिकित्सेचे जनक होते जर्मन वैद्य डॉ. विल्हेल्म हाइनरिख शुस्लर.

त्यांचा जन्म 21 ऑगस्ट 1821 रोजी उत्तर जर्मनीतील ओल्डेनबर्ग संस्थानात, त्स्विशेनान या गावी झाला. वैद्यकाकडे ते उशिरा वळले. तरुणपणी भाषा शिकवून त्यांनी चरितार्थ चालविला. पुढे पॅरिस, बर्लिन, गीसेन व प्राग येथे वैद्यकाचे अध्ययन केले आणि 1858 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ओल्डेनबर्ग शहरात होमिओपॅथीचा व्यवसाय सुरू केला. अखेरपर्यंत तेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले.

होमिओपॅथीतील शेकडो औषधांतून नेमके एक निवडणे सामान्य माणसाला अशक्यप्राय होते. त्याच सुमारास फिरखो यांनी रोगाचे मूळ पेशीत असल्याचे प्रतिपादन केले होते, तर मोलेशॉट यांनी शरीरातील खनिजांचे महत्त्व सांगितले होते. या विचारांच्या आधारे शुस्लर यांनी असे मत मांडले की, पेशींतील क्षारांचा समतोल ढळला की रोग उद्भवतो आणि तो क्षार सूक्ष्म मात्रेत दिल्यास समतोल पुन्हा साधतो. 1873 मध्ये लेखरूपाने व 1874 मध्ये पुस्तिकारूपाने त्यांनी आपली संक्षिप्त उपचारपद्धती प्रसिद्ध केली. शेकडो औषधांच्या जागी अवघे बारा क्षार आले. औषधांचे हे जणू परिग्रह-परिमाणच होते! समव्यावसायिकांनी टीका केली. शुस्लर होमिओपॅथीपासून दूर होत गेले, परंतु लोकांत ही पद्धती रुजली.

पुढे या क्षारांचे घरगुती उपयोग रूढ झाले. ताप वा दाह यांच्या पहिल्या अवस्थेत फेरम फॉस, पोटात कळ आल्यास वा पेटके आल्यास गरम पाण्यात विरघळवलेले मॅग फॉस, बालकांच्या दातांसाठी व हाडांसाठी कल्केरिया फॉस, आम्लतेसाठी नेट्रम फॉस, मानसिक थकव्यासाठी काली फॉस अशी परंपरा आहे. एक भाग क्षार नऊ भाग दुग्धशर्करेत खलून, हीच क्रिया सहा वेळा केली की 6 एक्स ही मात्रा सिद्ध होते. तीत दहा लाख भागांत मूळ क्षाराचा केवळ एक भाग असतो.

शुस्लर यांच्या चरित्रातील सर्वांत मननीय प्रसंग उत्तरायुष्यातील आहे. कल्केरिया सल्फ हा क्षार शरीराच्या ऊतींचा नित्य घटक नाही, असे त्यांचे मत झाले. तेव्हा स्वतःच सांगितलेला तो क्षार त्यांनी आपल्या पद्धतीतून वगळला आणि बाराचे अकरा केले. स्वतःच्या सिद्धान्ताला चिकटून राहण्याचा मोह मोठा असतो. तो त्यांनी बाजूला सारला. आपल्याकडे मात्र बारांचाच संच प्रचलित राहिला. 30 मार्च 1898 रोजी ओल्डेनबर्ग येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांची सत्यनिष्ठा आदर्श मानायची, तर आजचे ज्ञानही मोकळेपणाने स्वीकारले पाहिजे. क्षारांच्या असमतोलामुळे सर्व रोग होतात, हा सिद्धान्त आधुनिक वैद्यकाने मान्य केलेला नाही. या गोळ्यांनी रोग बरा होतो, असे शास्त्रशुद्ध चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. जेवणातील चिमूटभर मिठात गोळीतील क्षारापेक्षा कितीतरी अधिक क्षार असतो. दुग्धशर्करा न पचणाऱ्यांना तर गोळ्यांचा त्रासही होऊ शकतो. म्हणून बालकाचा न उतरणारा ताप, छातीतील कळ, धाप किंवा मधुमेह अशा वेळी गोळ्यांवर विसंबून डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करणे घातक होय. औषधदानाचा हेतू जीवरक्षण हा आहे. विलंबाने जीव धोक्यात आला, तर त्या दानाचे पुण्य कोणते?

अल्प खर्चात, सोप्या रीतीने सामान्य माणसाचे दुःख हलके व्हावे, ही शुस्लर यांची तळमळ निःसंशय होती. त्यांच्याकडून घ्यायचा वारसा गोळ्यांच्या संख्येत नाही. जे पटले ते निर्भयपणे मांडणे आणि जे टिकले नाही ते नम्रपणे सोडणे, हाच तो वारसा होय. सम्यक् ज्ञानाची जोड लाभलेले औषधदानच खऱ्या अर्थाने सार्थ ठरते.