येल्लाप्रगडा सुब्बाराव

येल्लाप्रगडा सुब्बाराव (१२ जानेवारी १८९५ – ऑगस्ट १९४८) हे भारतीय जैवरसायनशास्त्रज्ञ होते. ऱ्हुमॅटॉइड संधिवातावर आज प्रामुख्याने वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध त्यांच्या नेतृत्वाखालील संशोधनातून निर्माण झाले.

पूर्वायुष्य

सुब्बाराव यांचा जन्म तत्कालीन मद्रास इलाख्यातील भीमवरम येथे एका तेलुगू कुटुंबात झाला. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. त्यांच्या एका भावाचा स्प्रू या आतड्याच्या रोगाने मृत्यू झाला. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी गांधीजींच्या आवाहनानुसार खादी वापरण्यास सुरुवात केली. त्यामुळे शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांची त्यांच्यावर नाराजी ओढवली आणि त्यांना एम.बी.बी.एस.ऐवजी कनिष्ठ दर्जाची एल.एम.एस. ही पदवी मिळाली. काही काळ मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात अध्यापन केल्यावर सासऱ्यांच्या आर्थिक साहाय्याने ते अमेरिकेस गेले. त्यानंतर ते मायदेशी परतले नाहीत.

संशोधन

हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी फॉस्फरसचे प्रमाण मोजण्याची पद्धत विकसित केली (१९२५). पुढे याच जोडीने स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन व पेशींना ऊर्जा पुरवणारे ए.टी.पी. हे संयुग शोधले. ए.टी.पी.चा शोध १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे लावला. हार्वर्डमध्ये कायम नियुक्ती न मिळाल्याने १९४० मध्ये सुब्बाराव लेडर्ली प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथील गटाने १९४५ मध्ये फॉलिक आम्लाचे संश्लेषण केले. स्प्रूमध्ये होणाऱ्या रक्तक्षयावर हे जीवनसत्त्व गुणकारी ठरले. त्याच्या रचनेत किंचित बदल करून फॉलिक आम्लाचे कार्य रोखणारी ॲमिनोप्टेरिन व मेथोट्रेक्सेट ही संयुगे तयार करण्यात आली. सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन वापरून रक्ताचा कर्करोग झालेल्या काही बालकांचा आजार तात्पुरता आटोक्यात आणला. हत्तीरोगावरील डायइथिलकार्बामाझिन हे औषधही याच प्रयोगशाळेतले आहे.

संधिवातावरील उपचार

ऱ्हुमॅटॉइड संधिवात हा स्वयंप्रतिरक्षा रोग आहे. त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा सांध्यांच्या आतील अस्तरावरच हल्ला करते. दाह चालू राहिल्यास कूर्चा व हाडे झिजतात आणि बोटे वाकडी होतात. वेदनाशामके दुखणे कमी करतात, परंतु ही झीज थांबवत नाहीत. १९५१ मध्ये रिचर्ड गुबनर यांनी या रोगावर ॲमिनोप्टेरिनचा प्रयोग केला. पुढे अधिक सुरक्षित ठरलेल्या मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत १९८८ मध्ये या रोगासाठी मान्यता मिळाली. कर्करोगाच्या तुलनेत येथे मात्रा अत्यल्प असते व ती आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतल्यास ती प्राणघातक ठरू शकते. गर्भावस्थेत हे औषध निषिद्ध आहे. दुष्परिणाम कमी करण्यासाठी सोबत फॉलिक आम्ल दिले जाते. त्यामुळे सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आलेली दोन परस्परविरोधी द्रव्ये एकाच रुग्णाच्या औषधांत असतात.

मृत्यू व सन्मान

वयाच्या ५३ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने सुब्बाराव यांचे निधन झाले. संधिवातावरील या उपचाराची सुरुवात त्यांना पाहता आली नाही. भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट प्रकाशित केले.