न दिसणारा प्रकाश

वैशाखात धाराशिवच्या माळरानावर सूर्य मावळतो, अंधार पडतो. तरीही दिवसभर तापलेल्या खडकाजवळ उभे राहिले की अंगाला झळ लागते. खडकातून उजेड तर येत नाही. मग ही ऊब आपल्यापर्यंत पोहोचते कशी? या कोड्याचा धागा ज्याच्या हाती प्रथम लागला, तो विल्यम हर्शेल मुळात एक वादक होता.

विल्यमचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरी झाला. वडील लष्करी वाद्यवृंदात होते. मुलानेही तोच पेशा पत्करला. पुढे तो इंग्लंडला गेला आणि बाथ शहरात ऑर्गनवादक झाला. दिवसा संगीताच्या शिकवण्या आणि रात्री आकाशाचे निरीक्षण, असा त्याचा क्रम होता. मोठी दुर्बीण विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो स्वतःच धातूचे आरसे घडवू लागला. एकदा आरसा घासताना सोळा तास त्याला हात उचलता आला नाही. तेव्हा बहीण कॅरोलिन हिने त्याला घास भरवले. अशाच स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी त्याला युरेनस हा ग्रह सापडला आणि त्याची कीर्ती सर्वत्र पसरली.

सूर्याकडे पाहणे डोळ्यांस घातक असते. म्हणून सूर्याचे निरीक्षण करताना हर्शेल दुर्बिणीला रंगीत काचा लावी. काही काचांतून उजेड थोडा येई, पण उष्णता फार जाणवे. काहींतून उजेड पुष्कळ येई, पण उष्णता बेताचीच असे. दुसऱ्या एखाद्याने काच बदलून काम भागवले असते. हर्शेलने कारण शोधायचे ठरवले.

१८०० साली त्याने लोलकातून ऊन घेऊन मेजावर सप्तरंगी पट्टा पाडला. काळ्या केलेल्या फुग्याचा तापमापक त्याने निरनिराळ्या रंगांत ठेवून पाहिला. जांभळ्यात पारा थोडा चढला, हिरव्यात अधिक, तांबड्यात त्याहून अधिक. मग तांबडा रंग संपून जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही त्याने तापमापक ठेवला. पारा तांबड्याहूनही वर गेला! हेच ते अवरक्त किरण होत.

हे किरण व प्रकाश एकाच जातीचे, असे त्याला आधी वाटले. पुढे मात्र तो त्यांना निराळे मानू लागला. ही त्याची चूक होती आणि ती पुढील शास्त्रज्ञांनी सुधारली. परंतु पाऱ्याची साक्ष त्याने प्रामाणिकपणे नोंदवली होती. ती खोटी ठरली नाही.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी हर्शेल निवर्तला. आज दूरचित्रवाणीचा रिमोट याच किरणांनी आज्ञा पोहोचवतो. मात्र हे किरण सर्वस्वी निरुपद्रवी नव्हेत. काच वितळवणाऱ्या भट्टीपुढे वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत त्यांमुळे मोतीबिंदू होतो. म्हणून त्यांना खास चष्मा वापरावा लागतो.

धाराशिव हा अवर्षणाचा मुलूख. मृग लागला की शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागते. रात्री त्याला ढग दिसत नाहीत. पण १९८३ साली अवकाशात गेलेल्या इन्सॅट-१ब या उपग्रहापासून भारताचे उपग्रह अवरक्त किरणांच्या साहाय्याने ते अंधारातही टिपत आले आहेत. जेथे काहीच दिसत नव्हते, तेथे एका वादकाने तापमापक ठेवला, त्याचेच हे फळ होय.