बेवड ओळखणारा शास्त्रज्ञ : सर अल्बर्ट हॉवर्ड



तुरीची डाळ कुठून येते, असे मी एकदा पाचवीच्या वर्गात विचारले. खंडेराव मार्केटमधून, असे उत्तर आले. सगळे हसले, मीही हसलो. पण ज्वारी किंवा गहू घेणारा शेतकरी त्याच शेतात तूर-हरभरा का पेरतो, असे विचारले तेव्हा वर्ग शांत झाला.

आपल्या आजी-आजोबांच्या मराठीत यासाठी ‘बेवड’ हा छान शब्द आहे. आधीच्या पिकाचा जमिनीवर जो चांगला-वाईट परिणाम राहतो, तो बेवड. हरभऱ्याचा बेवड पुढच्या धान्याला मानवतो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तिथे आम्ही हेच ‘फसल चक्र’ या नावाने पाठ केले होते. पाठ केले, पण समजले फार उशिरा. ज्या विद्वान माणसाने हे शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून समजून घेतले, त्याची ओळख आज करून घेऊ. त्याचे सर्वांत गाजलेले काम आपल्या शेजारच्या इंदूरला झाले.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडन व केंब्रिज येथे त्यांनी विज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमध्ये पिकांवरील बुरशीचे तज्ज्ञ म्हणून गेले. तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. आपण शेतकऱ्यांना सल्ला देतो, पण आपल्याजवळ स्वतःचे शेत नाही. जे स्वतः करून पाहिले नाही, ते दुसऱ्याला कसे सांगावे?

१९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी झाला. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुढची पंचवीस वर्षे दोघांनी बरोबरीने काम केले. त्यांनी तयार केलेले ‘पुसा ४’ व ‘पुसा १२’ हे गव्हाचे वाण दूरवर पेरले गेले.

पुशाला हॉवर्ड यांनी सुमारे ७५ एकर जमीन स्वतःच्या प्रयोगांसाठी मिळवली. आजूबाजूचे शेतकरी महागडी खते व औषधे न वापरता चांगली पिके काढत होते. हॉवर्ड यांनी त्यांनाच आपले गुरू मानले. पिकांवर पडणाऱ्या किडींनासुद्धा ते गुरू मानीत, कारण कीड पडली की पीक किंवा जमीन कुठे चुकते आहे हे कळते!

या गुरूंकडून त्यांनी काय शिकून घेतले? हे शेतकरी धान्याबरोबर किंवा धान्यानंतर कडधान्य घेत. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, हे युरोपच्या विज्ञानाने १८८८ च्या सुमारास मान्य केले. आपला शेतकरी मात्र शतकानुशतके तसे वागत आला होता. दुसरी गोष्ट तुरीची. तिची मुळे खोल जाऊन घट्ट झालेली माती पोखरतात, त्यामुळे खालच्या थरात हवा व पाणी शिरते. जे काम नांगराच्या फाळाला जमत नाही, ते तूर करते.

बलुचिस्तानातील क्वेट्टा येथेही हॉवर्ड दांपत्याने काम केले. तिथे वर्षाला जेमतेम दहा इंच पाऊस. पेरणीआधी एकदाच पाणी देऊन आणि जमिनीतली ओल जपून गहू कसा घ्यावा, हे त्यांनी दाखवले. शाफ्तल या द्विदल चाऱ्याने जमिनीचा कस वाढवण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

कमी पावसाच्या मुलखात मधले पीक निवडताना हा ओलीचा हिशेब सर्वांत आधी करावा लागतो. भारी काळ्या जमिनीत हरभरा साठलेल्या ओलीवर येतो. करडईची मुळे खूप खालचे पाणी ओढतात, म्हणून पुढचा पाऊस ती ओल भरून काढील की नाही, हे पाहावे लागते. हलक्या जमिनीत बाजरीबरोबर किंवा बाजरीआड मूग, मटकी बरी. त्यांना दिवस कमी लागतात. आणि एकाच शेतात ज्वारीवर ज्वारी घेत राहिले, तर तिच्या मुळांवर जगणारे टारफुला नावाचे तण माजते. मधल्या पिकाने ही साखळी तुटते.

१९२४ मध्ये हॉवर्ड इंदूरला आले. होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर त्यांनी वनस्पती संशोधन संस्था उभी केली. इंदूरचे कृषी महाविद्यालय आज त्याच जागेवर आहे. तिथे कापसाच्या व तुरीच्या काड्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत त्यांनी बसवली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. १९३१ मध्ये यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने वाड यांचेही नाव आहे. आपल्याला याचा अभिमान वाटला पाहिजे. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनीही या संस्थेत जाऊन ही पद्धत पाहिली.

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी हॉवर्ड इंग्लंडला परतले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९४० मध्ये त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ प्रकाशित झाला. रासायनिक खतांना त्यांचा कडक विरोध होता. तो अनेक शास्त्रज्ञांना पटला नाही, आजही सगळ्यांना पटत नाही. परंतु पिकांची फेरपालट हवी, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले.

मग सगळेच शेतकरी फेरपालट का करीत नाहीत? मित्रांनो, याचे उत्तर सोपे नाही. मधल्या पिकाचे पैसे कधी कमी मिळतात, आणि बेवडाचा फायदा दिसतो पुढच्या वर्षी. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याने वर्षभर कशी वाट पाहावी? म्हणून शेतकऱ्याला अडाणी म्हणण्यापूर्वी त्याची अडचण समजून घ्या. हॉवर्ड यांनी आधी ऐकून घेतले, मग सांगितले.

सुट्टीत गावी जाल तेव्हा मुगाचे किंवा हरभऱ्याचे एक रोप हलक्या हाताने मुळासकट काढा. मुळांवरची एक गाठ फोडून पाहा. आतून गुलाबी दिसली, तर जिवाणू कामावर हजर आहेत असे समजा! आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, आपल्या शेतात कशावर काय पेरत होते? उत्तर वहीत लिहून मला आणून दाखवा. मी वाट पाहतो आहे.

– मुख्याध्यापक