हिचकॉक, केबल आणि रापण

मागच्या पावसाळ्यात आमच्या हॉस्टेलच्या पोरांनी मेसच्या भिंतीवर दोन डबल चादरी जोडून पडदा केला आणि प्रोजेक्टरवर 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' लावला. १९५९ चा हेरगिरीचा पिक्चर. एका साध्या जाहिरातवाल्याला शत्रूचे लोक कॅप्लन नावाचा सरकारी हेर समजतात. तो बिचारा जीव वाचवायला त्या कॅप्लनला शोधत फिरतो, आणि मध्येच आपल्याला कळतं की कॅप्लन नावाचा माणूसच नाही. हॉटेलात खोली बुक, कपाटात कपडे, पण माणूस नाही! डोकं गरगरलं. मग ते मोकळं रान, भर दुपार, लांबून येणारं फवारणीचं विमान... आणि लाईट गेली. (पाऊस आणि लाईट यांचं आमच्या कोकणात कधी जमलंच नाही.) पाऊण तास कुणी जागेवरून उठलं नाही. अंधारात सगळे त्या विमानाची वाट बघत बसले होते. हे करणारा माणूस होता कोण, ते वाचायचं मी त्याच रात्री ठरवलं.

आल्फ्रेड हिचकॉक १३ ऑगस्ट १८९९ ला लंडनमध्ये जन्मला. वडील भाजी आणि कोंबड्या विकायचे. तो सांगायचा, की लहानपणी वडिलांनी त्याला चिठ्ठी देऊन पोलीस स्टेशनात पाठवलं, आणि तिथल्या माणसाने चिठ्ठी वाचून त्याला काही मिनिटं कोठडीत बंद केलं. पोलिसांची भीती त्याला जन्मभर राहिली. पुढे शाळा मिळाली ती जेझुइट फादरांची. मी स्वतः कॉन्व्हेंटचा, त्यामुळे शिक्षेची वाट बघत बाकावर बसणं म्हणजे काय ते मला वेगळं सांगायला नको. छडी परवडते, पण वाट बघणं नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. हा माणूस इंजिनिअरिंगच्या शाळेत शिकलेला होता! १९१४ मध्ये वडील वारले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. विजेच्या केबल बनवणाऱ्या हेन्ली कंपनीत तो एस्टिमेट काढायला लागला. संध्याकाळी ड्रॉइंगचे क्लास केले, मग त्याच कंपनीच्या जाहिरात खात्यात गेला. १९२० च्या सुमारास मूकपटांच्या पाट्या रंगवायचं काम मिळालं आणि तिथून तो दिग्दर्शनापर्यंत पोचला. तिथेच आल्मा रेव्हिल भेटली, त्याच्याहून एकाच दिवसाने लहान. १९२६ मध्ये लग्न झालं. त्याच्या पटकथा आणि एडिटिंगवर तिची नजर शेवटपर्यंत असायची. आपल्याकडे तिचं नाव मात्र कुणाला माहीत नाही.

ड्रॉइंगची सवय त्याची सुटली नाही. महत्त्वाचे सीन तो आधी कागदावर चौकटीचौकटीने काढून घ्यायचा. आणि त्याची खरी युक्ती आमच्या मालवणच्या माणसाला लगेच कळेल. रापण बघितली आहे ना? होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकलं की काठावरच्या सगळ्यांना माहीत असतं काय होणार, फक्त माशांना माहीत नसतं. दोन्ही टोकांनी दोर हळूहळू ओढला जातो आणि वाळूत उभी माणसं श्वास रोखून बघतात. हिचकॉक प्रेक्षकाला काठावर उभं करायचा. १९३६ च्या 'सॅबोटाज'मध्ये एक लहान मुलगा पार्सल घेऊन बसमध्ये बसतो. त्यात बॉम्ब आहे हे त्याला माहीत नाही, आपल्याला आहे. बॉम्ब फुटतो, मुलगा मरतो. प्रेक्षक भडकले, आणि आपण चुकलो असं पुढे त्यालाही वाटलं. मला तो सीन अजून सहन होत नाही.

१९३९ मध्ये तो अमेरिकेला गेला. 'रेबेका'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, पण दिग्दर्शनाचं त्याला पाचदा नॉमिनेशन होऊनही एकदाही नाही. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'च्या वेळी संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत शूटिंगची परवानगी नव्हती, तर पठ्ठ्याने गाडीत कॅमेरा लपवून कॅरी ग्रँटला आत जाताना टिपलं. हेरांचा पिक्चर, त्यासाठी केलेली हेरगिरीच!

इथपर्यंत मी हा लेख मजेत लिहिला. मग 'द बर्ड्स'बद्दल (१९६३) वाचलं. त्यातल्या माळ्यावरच्या सीनसाठी टिपी हेड्रन या नवख्या नटीवर पाच दिवस जिवंत पक्षी सोडले, ती जखमी झाली. २०१६ साली तिने आत्मचरित्रात लिहिलं, की हिचकॉकने तिचा लैंगिक छळ केला आणि नकार दिल्यावर तिचं करिअर रोखून धरलं. मी वही मिटून ठेवली. सगळं आधी कागदावर आखणाऱ्या माणसाला समोरची जिवंत बाईही आपल्या ड्रॉइंगमधली रेघ वाटली असेल का? मित्रांमध्ये यावर रात्रभर वाद झाला. कुणी म्हणालं कला वेगळी, माणूस वेगळा. मला ते इतकं सोपं वाटत नाही. पण तो विमानाचा सीन वाईट होता असंही मी म्हणू शकत नाही.

शेवटची काही वर्षं तो हेरगिरीच्याच एका पिक्चरवर काम करत होता. 'द शॉर्ट नाइट', तुरुंगातून पळालेल्या दुहेरी हेराची गोष्ट. पटकथा तयार होती, पण तब्येत साथ देईना म्हणून १९७९ मध्ये काम थांबलं. २९ एप्रिल १९८० ला तो लॉस एंजेलिसमध्ये वारला.

आणि हो, त्या रात्री लाईट आली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. वॉर्डन सर झोपायला सांगायला आले, आणि चादरीसमोर खुर्ची ओढून बसले.