जमशेटजी टाटा

जमशेटजी नसरवानजी टाटा (३ मार्च, १८३९, नवसारी – १९ मे, १९०४, बाड नाउहाइम, जर्मनी) हे भारतीय उद्योजक व टाटा उद्योगसमूहाचे संस्थापक होते. कापड, पोलाद आणि वीज या त्यांच्या तिन्ही उपक्रमांत इंधनाचा दर्जा व खर्च हे प्रश्न महत्त्वाचे ठरले.

प्रारंभिक जीवन

जमशेटजींचा जन्म पारशी पुरोहित घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते वडिलांच्या पेढीत काम करू लागले. १ जानेवारी, १८७७ रोजी त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापसाचा प्रदेश व वरोऱ्याची कोळसा खाण तेथून जवळ होती.

पोलाद आणि कोळसा

१८८२ साली चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाविषयीचा फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. खनिज उत्तम होते. मात्र जर्मनीत केलेल्या चाचणीत वरोऱ्याचा कोळसा झोतभट्टीसाठी अयोग्य ठरला.

झोतभट्टीतील कोक केवळ उष्णता पुरवत नाही. त्यापासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो आणि कोकचे कठीण तुकडे वरचा भार पेलतात. ठिसूळ इंधनाचा भुगा होऊन वायूचा मार्ग अडतो. त्यामुळे बॉयलरमध्ये चालणारा कोळसा झोतभट्टीत चालेलच असे नाही. लाकडी कोळशात गंधक अत्यल्प असते, परंतु मोठ्या भट्टीचा भार त्याला पेलवत नाही आणि त्यासाठी जंगलतोडही फार करावी लागते. चांगला कोक दुरून आणल्यास वाहतुकीचा खर्च वाढतो. अखेर पोलादाचा कारखाना झरियाच्या कोळसाक्षेत्रापासून तुलनेने जवळ, साकची (आताचे जमशेदपूर) येथे उभा राहिला. तेथे डिसेंबर १९११ मध्ये पहिले लोखंड तयार झाले. तेव्हा जमशेटजी हयात नव्हते.

जलविद्युत

मुंबईच्या गिरण्यांचे बॉयलर दुरून आणलेल्या कोळशावर चालत. त्याचा खर्च मोठा होता आणि धुरांड्यांच्या धुराने शहराची हवा दूषित होई. यावर पर्याय म्हणून सह्याद्रीतील पावसाच्या पाण्यापासून वीज निर्माण करण्याची योजना जमशेटजींनी आखली. ती त्यांच्या वारसदारांनी पूर्ण केली. पुणे जिल्ह्यातील लोणावळा परिसरात तलाव बांधून घाटाखाली खोपोली येथे वीजकेंद्र उभारण्यात आले. १९१५ पासून गिरण्यांना वीज मिळू लागली.

पुढे याच उद्योगसमूहाने मुळशी येथे धरण बांधण्यास घेतले. त्याविरुद्ध १९२१ साली सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाचे एक प्रमुख नेते सेनापती बापट होते. कोळशाचा धूर टाळणाऱ्या या विजेसाठी मावळातील शेतकऱ्यांना आपल्या जमिनी गमवाव्या लागल्या.